सर्जनातील भय आणि संशय : रिद्धपूरच्या महानुभाव वाङ्मयाच्या आधारे एक विचार

प्रास्ताविक

साहित्यनिर्मितीचा विचार मराठी समीक्षेत प्रामुख्याने प्रतिभेच्या अंगाने झालेला आहे. प्रतिभा म्हणजे काय, ती उपजत असते की अभ्यासाने लाभते, तिचा अनुभवाशी कोणता संबंध असतो, या प्रश्नांची चर्चा अभ्यासक्रमांतून आणि चर्चासत्रांतून सातत्याने होत असते. निर्मितीच्या आड येणाऱ्या भयाचा आणि आत्मसंशयाचा विचार मात्र त्या मानाने कमी झालेला दिसतो. जे लिहिले गेले त्याचाच इतिहास लिहिला जातो. भयापोटी जे लिहिलेच गेले नाही, त्याची नोंद कोठेही राहत नाही. त्यामुळे हा विषय समीक्षेच्या कक्षेबाहेरचा, फार तर मानसशास्त्राचा किंवा व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानांचा आहे, असा समज रूढ झाला आहे.

अमरावती जिल्ह्यातील महाविद्यालयीन अध्यापकाला हा समज तपासून पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. चिखलदऱ्याच्या डोंगराखाली, चांदूरबाजार आणि मोर्शी यांच्या दरम्यान असलेल्या रिद्धपूर या गावी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी भाषेतील पहिले गद्यग्रंथ आणि मराठीतील पहिल्या ज्ञात कवयित्रीची रचना सिद्ध झाली. पूर्वी कोणी न केलेले काम करणाऱ्या या मंडळींसमोर भयाची आणि संशयाची कारणे विपुल होती. त्यांनी ती कशी ओलांडली, याच्या खुणा महानुभाव वाङ्मयातच सापडतात. त्या खुणांचा शोध घेणे आणि आजच्या मेळघाटातील लेखनशिक्षणाच्या संदर्भात त्यांचा अर्थ लावणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. भय आणि संशय : दोन भिन्न वृत्ती

'भय' आणि 'आत्मसंशय' हे शब्द निर्मितीच्या चर्चेत बहुधा एकत्र वापरले जातात. वस्तुतः त्यांची दिशा भिन्न असते. भयाचे तोंड लेखकाकडे वळलेले असते. 'लोक काय म्हणतील', 'आपली एवढी योग्यता आहे काय' हे भयाचे प्रश्न आहेत. संशयाचे तोंड लेखनाकडे वळू शकते. 'हे जसे घडले तसे उतरले आहे काय', 'हा शब्द नेमका आहे काय' हे संशयाचे प्रश्न आहेत. पहिल्या प्रश्नांना उत्तर नसते, कारण योग्यतेचा निकाल लिहिण्यापूर्वी लागूच शकत नाही. दुसऱ्या प्रश्नांना उत्तर असते आणि ते शोधता येते. म्हणून पहिल्या प्रकारचे प्रश्न लेखकाला थांबवतात, तर दुसऱ्या प्रकारचे प्रश्न त्याला कामाला लावतात.

संस्कृत साहित्यशास्त्राला या भेदाची जाणीव होती, असे म्हणता येईल. काव्यनिर्मितीची कारणे सांगताना मम्मटाने शक्ती, लोकशास्त्रादींच्या अवलोकनातून येणारी निपुणता आणि काव्य जाणणाऱ्यांच्या शिक्षणाखाली केलेला अभ्यास या तिहींचा एकत्र निर्देश केला. दंडीने तर उपजत प्रतिभा नसली तरी अध्ययन आणि परिश्रम यांच्या योगे वाग्देवतेचा अनुग्रह होतो, अशी ग्वाही दिली. ही ग्वाही नवोदिताच्या भयाला दिलेले उत्तरच आहे. 'रघुवंशा'च्या आरंभी कालिदासाने आपल्या अपुऱ्या सामर्थ्याची आणि संभाव्य उपहासाची वाच्यता केली आहे. तिला केवळ विनयाचा संकेत मानण्याची पद्धत आहे. परंतु तो संकेत रूढ होण्यामागे एक व्यवहारज्ञान दिसते. भय आरंभीच बोलून टाकले की ते पुढील सर्गांत वाट अडवत नाही.

आधुनिक पाश्चात्त्य विचाराने या प्रश्नाला वेगळे वळण दिले. एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाने १९४०च्या दशकात 'रायटर्स ब्लॉक' ही संज्ञा रूढ केली आणि लेखनातील अवरोधाचे मूळ लेखकाच्या अबोध मनात शोधले. हॅरॉल्ड ब्लूम या अमेरिकन समीक्षकाने १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, समर्थ पूर्वसूरींच्या प्रभावाची धास्ती ही कवीच्या घडणीतील मध्यवर्ती घटना मानली. या दोन्ही मांडण्यांत लेखक एकटा आहे. एका मांडणीत तो स्वतःच्या मनाशी झुंजतो, दुसरीत पूर्वजांशी. रिद्धपूरच्या उदाहरणाचे महत्त्व येथेच आहे. तेथे लेखक एकटा नाही आणि त्याच्यासमोर मराठीतील पूर्वसूरीही फारसे नाहीत. त्याचे भय वेगळे आहे आणि त्यावरील उपायही वेगळा आहे.

२. म्हाइंभट : संशयाची पद्धत

म्हाइंभट हे सराळे येथील विद्वान. शास्त्रचर्चेत प्रतिपक्षाला निरुत्तर करण्याची त्यांची ख्याती होती आणि चक्रधरस्वामींकडेही ते प्रथम वादाच्या हेतूनेच गेले होते. चक्रधरांच्या उत्तरापंथे गमनानंतर, म्हणजे रूढ कालगणनेनुसार १२७४च्या सुमारास, नागदेवाचार्यांसह त्यांचा शिष्यपरिवार रिद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निध येऊन राहिला. तेथे नागदेवाचार्य चक्रधरांच्या लीळांचे मनन करीत असताना त्या लिहून ठेवाव्यात हा विचार म्हाइंभटांच्या मनात आला, असे परंपरा सांगते. त्यातून इ. स. १२७८च्या सुमारास 'लीळाचरित्र' सिद्ध झाले.

या कामातील अडचणी लक्षात घेण्यासारख्या आहेत. शास्त्रार्थात वाढलेल्या पंडिताला मराठी गद्यात ग्रंथ लिहावयाचा होता आणि तशा ग्रंथाचा नमुना उपलब्ध नव्हता. विषय होता स्वतःच्या श्रद्धेचे परमस्थान. एखादी उक्ती चुकीची नोंदली गेली तर ती केवळ वाङ्मयीन चूक ठरणार नव्हती. शिवाय त्या लीळा पाहिलेली माणसे हयात होती. प्रत्येक वाचक हा संभाव्य साक्षीदार होता. एखाद्या लेखकाचा हात आखडावा याला एवढी कारणे पुरेशी आहेत.

म्हाइंभटांनी या परिस्थितीत जे केले ते निर्मितिविचाराच्या दृष्टीने मोलाचे आहे. 'आपण हे लिहिण्यास पात्र आहोत काय' या प्रश्नाच्या जागी त्यांनी 'हे कोणी पाहिले आहे' हा प्रश्न ठेवला. नागदेवाचार्यांकडून लीळा ऐकून घेतल्या आणि ज्या प्रसंगी जे उपस्थित होते त्यांच्याकडे जाऊन माहिती गोळा केली, पडताळली. भय नाहीसे होण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. त्या भयातील ऊर्जा त्यांनी पडताळणीकडे वळवली. 'लीळाचरित्रा'च्या शैलीचे जे गुण अभ्यासक सांगत आले आहेत, म्हणजे लहान वाक्ये, संवादांची प्रत्यक्षता, स्थळकाळाचे तपशील आणि निवेदकाचा अल्प हस्तक्षेप, ते सारे या वृत्तीतून आलेले आहेत. आपल्या पांडित्याचा ठसा उमटवण्याचा मोह सोडल्यामुळे म्हाइंभटांचे गद्य टिकले. या ग्रंथाची शैली ही एका अर्थाने संशयाची शैली आहे आणि तोच तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

३. महदाइसा : प्रसंग, श्रोते आणि परिचित रूपबंध

महदाइसा ही नागदेवाचार्यांची चुलत बहीण. ती बालविधवा होती. महानुभाव वाङ्मयात तिची प्रतिमा सतत प्रश्न विचारणाऱ्या, चिकित्सक शिष्येची आहे. रिद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहलीळेच्या प्रसंगी तिने रुक्मिणीस्वयंवराचे 'धवळे' गायिले आणि पुढे सहकाऱ्यांच्या आग्रहावरून त्याचा उत्तरार्ध रचला, असे मानले जाते. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून तिचा निर्देश होतो तो या रचनेमुळे.

त्या काळातील विधवा स्त्रीला मंगलकार्यात कोणते स्थान होते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. जिने विवाहमंडपापासून दूर राहावे अशी रूढी होती, तिने विवाहगीत गायिले. या कृतीला बंडाचे नाव देण्याचा मोह आजच्या वाचकाला होईल. परंतु 'धवळ्यां'च्या निर्मितीचा प्रसंग पाहता तेथे बंडाचा आविर्भाव आढळत नाही. तीन गोष्टी तिच्या पाठीशी उभ्या असल्याचे दिसते. पहिली गोष्ट प्रसंगाची निकड : गाणे त्याच वेळी हवे होते. दुसरी गोष्ट श्रोत्यांची आपुलकी : समोर परीक्षक नव्हते, सहवासातील माणसे होती. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट रूपबंधाची ओळख : धवळा हा लग्नप्रसंगी गायिला जाणारा, स्त्रियांच्या कंठात रुळलेला प्रकार होता. 'आपण कवी आहोत काय' हा प्रश्न तेथे उद्भवलाच नाही. लग्नात गाणे हे काम होते आणि ते काम करताना कविता झाली.

येथून एक महत्त्वाचे सूत्र हाती येते. भयग्रस्त लेखकाला बहुधा अपरिचित, प्रतिष्ठित रूपबंधासमोर उभे केले जाते आणि तेथे तो अडखळतो. त्याच्या हाताला आधीच ठाऊक असलेल्या रूपबंधापासून आरंभ झाला तर भयाला शिरकाव करण्यास जागा कमी उरते. उत्तरार्धाची कथाही बोधप्रद आहे. पूर्वार्ध प्रसंगाने घडवला, तर उत्तरार्ध आग्रहाने घडला. म्हणजे पहिल्या रचनेनंतर थांबलेल्या हाताला पुन्हा चालना देण्याचे काम वाचक-श्रोत्यांनी केले. निर्मितीच्या इतिहासात असा आग्रह करणाऱ्यांची नावे मागे पडतात, पण त्यांचे कार्य दुय्यम मानता येत नाही.

४. भास्करभट्ट आणि केशिराज : टीका आणि भाषा

निर्मितीतील भयाचा मोठा भाग प्रतिकूल अभिप्रायाच्या शक्यतेने व्यापलेला असतो. या संदर्भात कवीश्वर भास्करभट्ट बोरीकर यांची कथा प्रसिद्ध आहे. त्यांनी 'शिशुपालवध' हे काव्य रचून ज्येष्ठ गुरुबंधू भावेदेवव्यास यांना दाखवले. ग्रंथ उत्तम झाला आहे, परंतु त्यातील शृंगार पाहता तो निवृत्तिमार्गी साधकांच्या योग्य नाही, अशा आशयाचा अभिप्राय त्यांनी दिला. यानंतर भास्करभट्टांनी भागवताच्या एकादश स्कंधावर आधारलेली 'उद्धवगीता' रचली. या ग्रंथांच्या कालनिश्चितीबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. क्रमाबद्दल मात्र परंपरा निःशंक आहे.

या कथेचे दोन अर्थ संभवतात. एक असा की, प्रतिकूल अभिप्रायाने खचून न जाता कवीने नवे काव्य लिहिले आणि टीका ही पुढील ग्रंथाची प्रेरणा ठरली. दुसरा असा की, संप्रदायाच्या नैतिक अपेक्षेपुढे कवीने आपली स्वाभाविक प्रवृत्ती आवरली. यांपैकी पहिला अर्थच सांगितला तर तो आदर्शवाद होईल आणि दुसराच सांगितला तर ग्रंथांवर अन्याय होईल. लक्षात घेण्याजोगी बाब ही की, अभिप्रायाचे स्वरूप स्पष्ट होते. काव्यगुणाची दाद आणि वाचकवर्गाविषयीची हरकत या दोन गोष्टी त्यात वेगळ्या ठेवल्या गेल्या. शिवाय 'शिशुपालवध' नष्ट केले गेले नाही. ते महानुभावांच्या सातीग्रंथांत मानाने समाविष्ट झाले. कवीला न लिहिण्याचा सल्ला मिळाला नाही, पुढे काय लिहावे याची दिशा मिळाली. नकार आणि दिशा यांतील हे अंतर नवोदिताच्या बाबतीत फार मोठे असते.

भाषेविषयीच्या भयाचे उदाहरण केशिराजव्यास यांच्या संदर्भात मिळते. केशिराज संस्कृतज्ञ होते. चक्रधरांच्या वचनांची 'सूत्रपाठ' या रूपाने मांडणी करणारे आणि 'दृष्टांतपाठ' सिद्ध करणारे ते हेच. संप्रदायाचे विचार संस्कृतात मांडण्याची त्यांची इच्छा असता नागदेवाचार्यांनी ती मान्य केली नाही. तसे केल्यास आपल्याभोवतीच्या सामान्य वृद्ध स्त्रिया या ज्ञानाला मुकतील, असे कारण त्यांनी दिल्याचे 'स्मृतिस्थळा'त नमूद आहे. या प्रसंगाचा उल्लेख मराठीच्या अभिमानाचे उदाहरण म्हणून नेहमी होतो. निर्मितीच्या दृष्टीने त्याचा अर्थ अधिक सूक्ष्म आहे. संस्कृतात लिहिल्याने पंडितांची मान्यता मिळते, म्हणजे भय कमी होते. मराठीत लिहिल्याने ते आवरण निघून जाते. नागदेवाचार्यांनी केशिराजांचे लक्ष मान्यता देणाऱ्यांकडून वळवून ऐकणाऱ्यांकडे नेले. कोणासाठी लिहावयाचे हे निश्चित झाले की कोणाला भ्यावयाचे हा प्रश्न आपोआप मागे सरतो.

५. हिराइसा : नाश आणि पुनर्लेखन

लेखकाचे आणखी एक भय म्हणजे केलेले काम नष्ट होण्याचे. 'लीळाचरित्रा'च्या बाबतीत ते प्रत्यक्षात उतरले. चौदाव्या शतकाच्या आरंभी उत्तरेकडून आलेल्या सैन्याच्या धामधुमीत या ग्रंथाची मूळ पोथी नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यानंतर ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. विलक्षण स्मरणशक्तीसाठी ख्यात असलेल्या हिराइसेचे नाव या कार्यात आदराने घेतले जाते. रामेश्वरबास, परशरामबास आदींच्या नावांनीही पाठपरंपरा चालत आल्या.

या पुनर्लेखनातून एकच एक शुद्ध पाठ निष्पन्न झाला नाही, पाठभेद राहिले. आधुनिक संपादकाला ते अडचणीचे वाटतात. परंतु त्यांच्याकडे दुसऱ्या दृष्टीनेही पाहता येते. स्मरणाने लिहिणाऱ्यांनी 'आपले स्मरण अपुरे आहे' या संशयाला लेखन थांबवू दिले नाही, तसेच तो संशय दडवलाही नाही. भिन्न पाठ भिन्न म्हणून राहिले. परिपूर्णतेचा आग्रह धरला असता तर मराठी गद्याचा आद्यग्रंथ आज केवळ नामोल्लेखापुरता उरला असता. अपूर्णतेची प्रामाणिक नोंद ही येथे निर्मितीची अट ठरली आहे.

६. या परंपरेची मर्यादा

रिद्धपूरचे चित्र सर्वस्वी निर्दोष आहे असे मानण्याचे कारण नाही. पहिली मर्यादा अशी की, हे लेखन श्रद्धेने बांधलेल्या समूहातील आहे. गुरूची आज्ञा जेथे अंतिम, तेथे लेखकाचे भय कमी होते, पण काही प्रश्न विचारण्याचे स्वातंत्र्यही कमी होते. आजच्या लेखकाला अशी आज्ञा उपलब्ध नाही आणि असू नये. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ज्या पंथाने लोकभाषेत लिहिण्याचे धैर्य दाखवले, त्याच पंथाने चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. ग्रंथांचे पावित्र्य आणि सुरक्षितता हा त्यामागील हेतू होता. परिणाम असा झाला की, विसाव्या शतकात वि. का. राजवाडे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते आदी संशोधकांच्या परिश्रमाने हे वाङ्मय उजेडात येईपर्यंत उर्वरित मराठी समाज त्याला पारखा राहिला. मराठी गद्याच्या पुढील वाटचालीला म्हाइंभटांच्या शैलीचा लाभ झाला नाही.

लेखकाचे भय समूहाच्या आधाराने दूर होते. पण समूहालाच बाहेरच्या जगाचे भय वाटू लागले की लेखन पुन्हा कोंडले जाते. म्हणून आपुलकीच्या वर्तुळाचे काम लेखकाला बळ देऊन बाहेर पाठवण्याचे असते, त्याला कायमचे आत ठेवण्याचे नसते.

७. आधुनिक वऱ्हाडातील दोन साक्षी

वऱ्हाडातील आधुनिक साहित्यातही वरील सूत्रांना पुष्टी मिळते. उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली. कौतिक या कष्टकरी स्त्रीच्या जीवनसंघर्षाचे चित्रण करताना त्यांनी पात्रांच्या तोंडी वऱ्हाडी बोली ठेवली. बोलीला मराठी साहित्यात अनेकदा विनोदापुरते स्थान मिळत असे. वऱ्हाडी माणसाने तोंड उघडले की हसू यावे, अशी अपेक्षा रंगभूमीवर आणि कथाकथनात रूढ होती. अशा परिस्थितीत एका शोकात्म कथेचा भार वऱ्हाडीवर टाकणे यात मोठी जोखीम होती. शेळके यांनी बोलीचे समर्थन करण्यात वेळ घालवला नाही. कौतिकच्या तोंडी जे वाक्य येईल तेच नेमके लिहिले. वाचकाला हसू आले नाही, यातच बोलीच्या योग्यतेचा निकाल लागला.

सुरेश भट यांचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावती येथे जन्मलेल्या भटांना बालपणीच पोलिओने ग्रासले. 'रूपगंधा' १९६१ साली आणि 'रंग माझा वेगळा' १९७४ साली प्रसिद्ध झाला. उर्दूतून आलेला गझलेचा आकृतिबंध मराठीत रुजेल काय, या शंकेला त्यांनी आपल्या लेखनाने उत्तर दिलेच. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांची 'गझलेची बाराखडी' अधिक महत्त्वाची आहे. मतला, काफिया, रदीफ, अलामत, वृत्त यांचे नियम साध्या मराठीत सांगणारी ही मांडणी त्यांनी नवोदितांसाठी केली आणि अनेकांच्या गझला स्वतः तपासून दिल्या. 'मला जमेल काय' या प्रश्नाला त्यांनी धीराच्या शब्दांनी उत्तर दिले नाही, तंत्राने दिले. ज्याचे उत्तर शिकता येते अशा प्रश्नात भयाचे रूपांतर करणे, हे म्हाइंभटांनी केलेले काम भटांनी कवितेच्या क्षेत्रात केले. मम्मटाच्या परिभाषेत बोलावयाचे तर काव्यज्ञाच्या शिक्षणाखालील अभ्यास तो हाच.

८. मेळघाटातील वर्ग

या विवेचनाचा आजचा संदर्भ चिखलदऱ्याच्या परिसरात सर्वाधिक जाणवतो. येथील महाविद्यालयीन वर्गात बसणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांची घरची भाषा कोरकू आहे. ही भाषा आर्य किंवा द्राविड कुळातील नसून ऑस्ट्रो-आशियाई कुळाच्या मुंडा शाखेतील आहे. म्हणजे या विद्यार्थ्याच्या बाबतीत मराठी ही बोलीची सुधारलेली आवृत्ती नाही, ती संपूर्णपणे दुसरी भाषा आहे. बाजारात त्याला हिंदी लागते आणि परीक्षेत प्रमाण मराठी. अशा विद्यार्थ्याने निबंध गाइडमधून उतरवून काढला तर ते आळसाचे लक्षण मानण्याची घाई केली जाते. बहुतेक वेळा ते भयाचे लक्षण असते. उतरवलेल्या वाक्यात चूक सापडली तरी ती आपली नसते, एवढाच त्यातला दिलासा असतो.

तेराव्या शतकातील मराठी लेखक संस्कृतसमोर जसा उभा होता, तसाच आज कोरकू विद्यार्थी मराठीसमोर उभा आहे. हे साम्य मराठीच्या अध्यापकाला अस्वस्थ करणारे आहे, कारण या वेळी सत्तेच्या जागी मराठी आहे. रिद्धपूरचा वारसा सांगावयाचा असेल तर नागदेवाचार्यांचा प्रश्न आता मराठीला विचारला गेला पाहिजे : या भाषेमुळे कोण मुकतो आहे? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठाचे कार्य सुरू झाले. या घटनांचा आनंद मानताना वरील प्रश्न टाळता येणार नाही.

उपाय मोठे खर्चिक नाहीत. महदाइसेच्या उदाहरणानुसार परिचित रूपबंधापासून आरंभ करता येईल. फगव्याची गाणी किंवा मृतांच्या स्मरणार्थ उभारल्या जाणाऱ्या कोरीव सागवानी स्तंभांची माहिती या विषयांत कोरकू विद्यार्थी हा वर्गातील अधिकारी जाणकार असतो आणि अध्यापक श्रोता. प्रथम कोरकूत सांगावे, देवनागरीत तसेच उतरवावे आणि नंतर मराठीत आणावे, असा क्रम ठेवता येईल. म्हाइंभटांच्या पद्धतीनुसार एकच कथा दोन-तीन वृद्धांकडून ऐकून भिन्न पाठ नोंदवता येतील. कीचकाचा वध करून भीमाने त्याला दरीत टाकले आणि त्यावरून चिखलदरा हे नाव पडले, ही आख्यायिका पर्यटकाला मार्गदर्शक सांगतो. डोंगरातील गावांत ती कशी सांगितली जाते, सांगितली जाते की नाही, हे शोधणे हा पदवीच्या विद्यार्थ्याला झेपणारा प्रकल्प आहे. येथे 'माझे लेखन चांगले आहे काय' या प्रश्नाऐवजी 'आजोबांनी नेमके काय सांगितले' हा प्रश्न त्याच्यासमोर राहतो.

तपासणीच्या बाबतीतही भावेदेवव्यासांच्या अभिप्रायाचा नमुना उपयोगी पडेल. पहिल्या वाचनात केवळ आशयाविषयी बोलावे आणि शुद्धलेखनाच्या खुणा दुसऱ्या खर्ड्यासाठी राखून ठेवाव्यात. ऱ्हस्वदीर्घाच्या लाल खुणांनी भरलेले पान परत मिळाले की विद्यार्थी पुढच्या वेळी कमी लिहितो. चुका कमी करण्याचा त्याला सापडलेला तो सर्वांत सोपा मार्ग असतो. त्यामुळे भाषा शुद्ध होत नाही, केवळ लेखन आटते.

निष्कर्ष

१. सर्जनातील भय आणि संशय या वृत्ती एकरूप नाहीत. भय लेखकाच्या योग्यतेविषयी असते, संशय लेखनाच्या नेमकेपणाविषयी असू शकतो. भयाचे संशयात रूपांतर होणे हा निर्मितीचा पहिला टप्पा होय.

२. रिद्धपूरच्या महानुभाव वाङ्मयात हे रूपांतर आत्मविश्वासाच्या बळावर झालेले दिसत नाही. पडताळणी, प्रसंगाची निकड, परिचित रूपबंध, दिशा देणारी टीका, निश्चित श्रोता आणि अपूर्णतेचा स्वीकार या मार्गांनी ते झाले आहे.

३. या मार्गांना समूहाचा आधार आवश्यक असतो. परंतु समूह बंदिस्त झाल्यास लेखनही बंदिस्त होते, याची साक्ष सांकेतिक लिप्यांचा इतिहास देतो.

४. उद्धव शेळके यांचा बोलीचा वापर आणि सुरेश भट यांची तंत्रशिक्षणाची रीत हे या परंपरेशी जुळणारे आधुनिक आविष्कार आहेत.

५. मेळघाटातील कोरकू विद्यार्थ्याचे लेखनभय हा त्याच्या वैयक्तिक क्षमतेचा प्रश्न नाही. तो त्याला मिळणाऱ्या श्रोत्याचा प्रश्न आहे आणि त्याचा पहिला श्रोता अध्यापक आहे.

म्हाइंभटांनी लिहिण्यापूर्वी ऐकले, म्हणून त्यांना लिहिता आले. मेळघाटातील विद्यार्थ्याने लिहावे यासाठी प्रथम त्याचे कोणीतरी ऐकून घेणे आवश्यक आहे. ते घडले नाही, तर या डोंगरातील कथा, गीते आणि अनुभव न लिहिल्या गेलेल्या वाङ्मयाच्या नोंदविहीन इतिहासात जमा होतील आणि त्याची जबाबदारी विद्यार्थ्याच्या भयावर ढकलता येणार नाही.